भाच्याच्या पीसीला नवा कूलर

आज दिवसभर वडगावला ताईकडं होतो. भाच्यानं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं) लावला की पंख्याचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जायचा. प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याच्यासोबत आलेला कूलर रेथ स्टेल्थ. शेजारी यंत्रमाग, त्यामुळं कूलरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पात्यांमध्ये, धाग्यांचे बारीक तंतू नमद्यासारखे बसलेले. आधी ब्रशनं सगळं साफ केलं, नाहीतर तुलना खोटी ठरली असती.

खोलीत ३३ अंश, वळीव काही पडेना. कॅबिनेटचं झाकण लावून अर्धा तास सिनेबेंच चालवलं, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देऊन स्कोअर सांगणारी चाचणी. सोबत आलेल्या कूलरवर प्रोसेसरचं तापमान ८६ अंशांवर. या प्रोसेसरची मर्यादा ९० आहे हो!

मग नवा कूलर, डीपकूल एजी४००. जुना कूलर गरम असतानाच हळू पिळत उचलला. एएम४ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) हे पाळाच. सरळ ओढला तर मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. दोन्हीला पेस्ट एकच वापरली. आकडा ६९ वर थांबला, आणि आवाज जवळजवळ नाहीच.

स्कोअर मात्र जेमतेम वाढला. स्टेल्थ म्हणजे नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा, एजी४०० मध्ये चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमीचा पंखा, पण ६५ वॅटच्या प्रोसेसरला वेगासाठी याची गरज नाही. नुसतं गेमिंग असेल तर पैसे रॅममध्ये घाला. रात्रभर रेंडर लावणाऱ्यानं मात्र घ्यावाच. "मामा, चालू आहे ना?" म्हणत भाचा कॅबिनेटला कान लावून बसलावता.