दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हर्निया परत आला तेव्हा

ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं आणि लेकाच्या उजव्या जांघेत फुगवटा परत दिसला. खोकला की बाहेर, झोपला की गायब. सासूबाई म्हणाल्या, "सायकल चालवू दिलीत, म्हणून." हे ऐकून मी रात्रभर जागी होते.

दवाखान्यात नेलं तर गाठ दिसेना. डॉक्टरांनी त्याला फुगा फुगवायला लावला, उड्या मारायला लावल्या, काही नाही. मी मोबाईलमधला फोटो दाखवला, तो पाहून ते लगेच म्हणाले, "परत आलाय." म्हणून सांगते, गाठ दिसली की आधी फोटो काढा.

सायकलीचं विचारलंच. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मुलांमध्ये स्नायू फाटलेला नसतो. वृषण पोटातून खाली उतरताना पोटाच्या आवरणाची एक पिशवी सोबत येते आणि ती बंद व्हायची राहून जाते. म्हणून मोठ्यांच्या हर्नियात लावतात तशी जाळी न लावता पिशवीचं तोंडच बांधतात. दुर्बिणीत हा टाका आतून, गोलाकार घेतात. पण वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या तिथेच चिकटलेल्या असतात. त्यांना इजा होऊ नये म्हणून टाका जपून घ्यावा लागतो, कधी तेवढी जागा सुटते, कधी टाक्याची गाठ सैल पडते. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या मुलाला असं होतं. सासूबाईंना मी तो कागदच नेऊन दाखवला.

दुसऱ्यांदा जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. दुर्बिणीनेही जमलं असतं, पण पहिल्या वेळी बाहेरच्या भागाला हात लागलेला नव्हता, त्यामुळे या वाटेने पिशवी सहज सापडेल, असं ते म्हणाले. मला पटलं. डावी बाजू पहिल्याच वेळी दुर्बिणीतून बघून झाली होती, ती बंद होती.

आदल्या रात्रीनंतर दूध बंद, साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत. भुकेने रडणारं पोर सांभाळणं हेच सगळ्यात जड गेलं. संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आलो, आल्याआल्या त्याने वरणभात मागितला.

तारखेची वाट बघत असताना मात्र एक गोष्ट मनात पक्की हवी. गाठ कडक झाली, आत जाईना, मूल कळवळून रडतंय किंवा उलट्या करतंय, तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. रात्र असो, सण असो, थेट इमर्जन्सी गाठा.