तिरफळाच्या जागी तिरफळच

परवा मैत्रिणीचा फोन. बांगडे आणलेत, तिरफळं (कोकणात माशाच्या कालवणात घालतो तो मसाला) संपलीत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्रिफळा चूर्ण पुढे केलं. (पुण्यात हे माझ्याही बाबतीत दोनदा झालंय.) "नेटवर लिहिलंय की तिरफळाऐवजी चीनची सिचुआन मिरी चालते. घालू का?"

नको घालूस, म्हटलं. मी घालून पाहिलीय.

चार वर्षांपूर्वी सिंगापूरला बहिणीकडे गेले होते. तिने एका सिचुआनी खानावळीत मापो तोफू (तिखट रश्शातलं सोयाबीनचं पनीर) खायला नेलं. दुसऱ्या घासाला ओठ झिणझिणायला लागले आणि मी चमचा खाली ठेवला. ही चुणचुण माझ्या ओळखीची होती! वेंगुर्ल्याच्या घरी तिखल्यातलं, म्हणजे माशाच्या तिखट कालवणातलं, तिरफळ चुकून दाताखाली आलं की अशीच जीभ चुणचुणायची. चिनी लोकांकडे या चवीला वेगळा शब्द आहे, 'मा'. मिरचीचा तिखटपणा तो 'ला'. दोन्ही मिळून 'माला'. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान (म्हणजे सिचुआनच) चटणीत फक्त 'ला' असतो, 'मा' बहुतेक नसतोच.

तिरफळ आणि मापो तोफूत पडणारी सिचुआन मिरी, दोन्ही झाडं एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. नावात मिरी असली तरी काळ्या मिरीशी त्यांचं नातं नाही. लिंबू, बेल, कढीपत्ता यांच्या घराण्यातली ती. चुणचुण ज्यामुळे होते त्या द्रव्याला सान्शोल म्हणतात, याच कुळातल्या सान्शो या जपानी मसाल्यावरून. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की ओठांना ही झिणझिण सेकंदाला साधारण ५० कंपनांसारखी जाणवते. म्हणजे ती चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळची. ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण लहानपणी मी आईला "तोंडात काहीतरी हलतंय" असंच सांगायचे.

सिंगापूरहून सिचुआन मिरीचं पाकीट आणलं आणि एका रविवारी बांगड्याच्या तिखल्याची दोन पातेली मांडली. वाटण एकच: लाल मिरच्या, हळद, थोडं ओलं खोबरं. दोन्हींत सोलं (आमसुलं), वरून खोबरेल. एकात तिरफळं, दुसऱ्यात सिचुआन मिरी. दुसऱ्यात चुणचुण होती, जरा जास्तच. पण वास फुलांसारखा, नाजूक, आणि बांगड्यापासून वेगळा तरंगणारा. तिरफळाचा वास संत्र्याच्या सालीसारखा, त्याखाली ओल्या लाकडाचा. तो माशाच्या तेलकट वासाला धरतो, दाबतो आणि सोलांच्या आंबटपणात मुरतो. पहिलं पातेलं दुपारीच संपलं.

तिरफळ हाताळायचं मात्र नीट. वाळलं की ते आपसूक उकलतं, आत काळी चकचकीत बी दिसते. ती नखाने काढून टाकायची. दाताखाली खडा आल्यासारखी लागते, आणि कडू. चव सगळी सालीत. सात-आठ सालं पाट्यावर वरवंट्याने एकदाच दाबायची आणि रटरटत्या तिखल्यात सोडायची. आई बजावायची, "तिरफळां वाटू नको गो, नुसती ठेच. नायतर कडू होतला." गोव्यातल्या खतखत्यातही (मिश्र भाज्यांच्या कालवणात) ती अशीच पडतात.

सिचुआन मिरी वाईट नाही. मापो तोफूत तीच हवी, तिथे तिरफळ घालाल तर तोही अन्यायच.

मैत्रिणीसाठी माझ्या बरणीतली मूठभर काढून ठेवलीत. बिया मी काढल्यात, ठेचायचं तिने.