वावराचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "यादवी किंवा जुलमी राजवट संपली की न्याय म्हणजे गुन्हेगारांना शिक्षा आणि जे घडलं त्याची खरी नोंद. जमीन, अन्न, घर हे विकासाचे प्रश्न. ते न्यायात कशाला आणता?" नागपुरात मानवाधिकारांवर बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. विचारणारी बहुधा कायद्याची मुलं असतात आणि मनापासून विचारतात.

मी त्यांना आधी पूर्व तिमोरचं सांगते. हा चिमुकला देश १९७५ ते १९९९ इंडोनेशियाच्या ताब्यात होता. पुढे तिथे सत्यशोधन आयोग बसला, २००५ साली त्याचा अहवाल आला. संघर्षापायी किमान १,०२,८०० माणसं गेली, असा त्याचा अंदाज. त्यातली ठार मारलेली किंवा गायब केलेली १८,६०० च्या आसपास. बाकीची सुमारे ८४,२०० भुकेनं आणि आजारानं मेली. डोंगरात आसरा घेतलेल्या लोकांना खाली आणून छावण्यांत ठेवलं होतं, शेतात जायला मज्जाव होता, पिकं आणि जनावरं नष्ट केली होती. ती भूक पाऊस न पडल्यामुळे आली नव्हती, माणसांनी आणली होती. नुसत्या गोळ्या मोजायच्या म्हटलं तर पाचांतले चार मृत्यू कुठे लिहायचे? त्या आयोगानं ते लिहिले, म्हणून मला तो अहवाल मोठा वाटतो.

दक्षिण आफ्रिकेत असं झालं नाही. वर्णभेदी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या सत्यशोधन आयोगाला कायद्यानं हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर अत्याचार एवढंच बघायला सांगितलं होतं. पीडित म्हणून नोंदले गेले सुमारे २२,००० लोक. आणि वर्णभेदी राजवटीनं घरादारावरून उठवलेले? एकट्या १९६० ते १९८३ या काळात अंदाजे ३५ लाख. जमिनीसाठी १९९४ चा वेगळा कायदा होता, हे खरं; पण शहरांतल्या कितीतरी दाव्यांत जमिनीऐवजी पैसे देऊन प्रकरण मिटलं. आयोगानं पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यायची शिफारस केली होती. सरकारनं २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड द्यायचं ठरवलं, आणि श्रीमंतांवर कर बसवायची सूचना नाकारली. त्या सुनावण्यांत आया आपल्या मुलांसाठी रडल्या, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण ज्यांची घरं त्या उठवलेल्या वस्त्यांच्या जागी उभी राहिली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. हे मला आजही सलतं.

कोलंबियानं हे ओळखलं असावं. तिथल्या सरकारनं बंडखोरांशी केलेल्या २०१६ च्या शांतता कराराचा पहिलाच मुद्दा ग्रामीण भागाचा आणि जमिनीचा आहे.

आणि दीक्षाभूमीच्या या शहराला तर हे नव्यानं सांगायची गरज पडू नये. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत; ती लवकर मिटवली नाही, तर विषमतेनं पोळलेले लोक लोकशाहीची ही इमारत उद्ध्वस्त करतील.

माझ्याकडे स्वयंपाकाला एक बाई येत. गडचिरोलीकडच्या. दोन्हीकडच्या बंदुकांना घाबरून त्यांच्या घरानं गाव सोडलं होतं. एका संध्याकाळी मी चौकशी समिती, साक्षी, खटले असं काहीबाही त्यांना समजावून सांगत होते. त्यांनी पोळी तव्यावर टाकली नि म्हणाल्या, "ताई, मारनाऱ्याले जेल झाली तं बरंच झालं. पन माह्या वावराचं काय? पडीक पडलं हाय ते."

कागदपत्रं आहेत का, मी विचारलं. त्या कागदांचं काहीच बोलल्या नाहीत. धुऱ्यावर मोहाचे पाच झाडं हायेत, एवढं सांगितलं. चैत लागला होता. आता फुलं गळत असतीन, वेचाले कोनी नसन, म्हणाल्या.