बॅग, बॅक आणि दादाचा 'ग'

अकरा आठवडे ज्या 'ग'पाशी आम्ही अडलो होतो, तो शनिवारी सापडला. चीनमधल्या चेंगदूची जी मैत्रीण माझ्याबरोबर इंग्रजी उच्चारांचा सराव करते, तिच्या तोंडात तो आधीपासूनच होता! झोप लागेना, म्हणून नोंद लगेच लिहितोय.

गाऱ्हाणं असं होतं. तिच्या इंग्रजीत 'बॅग' आणि 'बॅक', 'बेड' आणि 'बेट', 'कॅब' आणि 'कॅप' एकसारखेच ऐकू येतात. तिच्या मँडरिन चिनीमध्ये अक्षराच्या शेवटी न्, ङ् आणि र् एवढीच व्यंजनं येतात. शिवाय पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत, बी, डी, जी लिहितात ते आपल्या कानाला प, त, क. पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. घोष (गळ्यात कंप असलेलं, जसं ग) आणि अघोष (कंपाविना, जसं क) बदलून तिथे शब्द बदलत नाही. म्हणजे परका ध्वनी, तोही परक्या जागी.

गळ्यावर हात ठेवून कंप जाणवायचा उपाय साफ फसला. कंप आणायला गेली की शेवटी स्वर चिकटे, 'बॅगऽ'. स्वर काढ म्हटलं की पुन्हा 'बॅक'. मग आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्राटमध्ये दोघांचे आवाज शेजारी लावले. (अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठात तयार झालेलं हे फुकट सॉफ्टवेअर अजून उतरवून घेतलं नसेल तर आजच घ्या. हिरवी-लाल खूण करणाऱ्या उच्चार-अ‍ॅपवर मी पैसे घातले. चूक नेमकी कुठे ते अ‍ॅप कधीच सांगत नाही.) तिच्या दोन्ही शब्दांतला 'अ‍ॅ' सारख्याच लांबीचा निघाला. इंग्रजीत घोष व्यंजनाआधीचा स्वर लांबतो आणि ऐकणारा बराचसा त्यावरूनच शब्द ओळखतो. स्वर ताणायला लावल्यावर निम्मं काम झालं. पण ताणलेल्या स्वराबरोबर तिचा मँडरिनमधला तिसरा सूरही (तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेला चढ-उतार असतो) येई, आवाज खाली बुडून वर. वाक्यात ते खटकायचं.

शनिवारी ती मोठ्या भावाबद्दल सांगत होती. मँडरिनमध्ये दादा म्हणजे 'कग'. पिनयिनमध्ये दोन्ही अक्षरं अगदी सारखी, पण दुसऱ्यावर सूर नाही, ते हलकं पडतं आणि दोन स्वरांमध्ये सापडून घोष होतं. माझ्या मराठी कानाला स्वच्छ ऐकू आलं: पहिला क, दुसरा ग! वडिलांसाठी 'पाबा', धाकट्या भावासाठी 'तीदि'. ब, द, ग तिन्ही तिच्याकडे आहेत, फक्त हलक्या अक्षरात.

मग व्याकरणातला संधी आठवला, शेजारचे दोन ध्वनी जोडणारा. 'बॅग इज' पटकन म्हटलं की 'बॅगिज' होतं. शेवटचा ग पुढच्या अक्षरात जातो आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन उरतच नाही. तिला सांगितलं, "दादातला दुसरा ग घे आणि 'गिज' हलकं सोड." तिसऱ्या खेपेला आला. प्राटमध्ये तळाशी घोषाची काळी पट्टी न तुटता दिसली. ती आनंदाने ओरडली, मीही.

'बॅग-बॅक'सारख्या जोड्यांची वीस मिसळलेली वाक्यं माझ्या बहिणीला ऐकवली, तिला काही न सांगता. 16 शब्द तिने बरोबर लिहिले. पहिल्या चाचणीत 11 होते, म्हणजे जवळपास अंदाजच.

एक सूचना: व्हिडिओ कॉलवरून उच्चार तपासू नका. आवाज गाळताना शेवटची व्यंजनंच आधी जातात. मैत्रीण फोनवर रेकॉर्ड करून मूळ फाइल पाठवते, तेव्हाच काही कळतं.

वाक्याच्या शेवटी आलेला 'बॅग' अजून डळमळतो. पुढच्या आठवड्यापासून 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घेणार होतो. त्यात मलाही सराव हवा, कारण आपला 'व' दोन्हींच्या मधला. पण लिहिता लिहिता वाटतंय की ते पुढे ढकलावं. आधी 'बॅगिज' म्हणायचं, मग 'इज' कुजबुजत, मग नुसतं मनात. पुढचा स्वर असा हळूहळू काढून घेतला तर ग जागेवर राहील का, ते बघायचंय. तिला निरोप पाठवलाय. चेंगदू आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे मी उठेपर्यंत पहिली फाइल आलेली असेल.