मालिकेतला मधला भाग

मालिकेने लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांची माझी परीक्षा साधी आहे: मधला कुठलाही भाग उचलावा आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहतो का, ते पाहावे. ही परीक्षा मी विचारपूर्वक ठरवलेली नाही, नागपूरने ती माझ्यावर लादली. बर्डीच्या बाजारात जुनी पुस्तके चाळताना इंग्रजी मालिकांचे दुसरे आणि चौथे भाग सहज हाती लागतात, पहिला मात्र बहुधा कोणीतरी घरी ठेवून घेतलेला असतो. ग्रंथालयांतही एका मालिकेचे सगळे भाग ओळीने लागलेले दिसणे विरळाच. अनुक्रम सोडून वाचायची सवय अशी अंगवळणी पडली आणि तिच्यातूनच एक मत पक्के होत गेले, की गुन्हेकथांच्या मालिका वाचकाशी जितक्या सरळ वागतात, तितक्या फँटसीच्या, म्हणजे कल्पित जगांत घडणाऱ्या अद्भुतकथांच्या, मालिका वागत नाहीत.

याचे कारण रचनेतच आहे. गुन्हेकथेत शेवटच्या पानापर्यंत खुनी सापडावाच लागतो. गुप्तहेराचे मोडलेले लग्न किंवा जुने व्यसन पुढच्या भागात नेता येते, पण ज्या प्रेतापासून गोष्ट सुरू झाली त्याचा हिशेब त्याच पुस्तकात चुकता करावा लागतो. फँटसीच्या लेखकावर असे कोणतेच बंधन नाही. तो उधारी वाढवत जातो आणि वाचक ती आनंदाने देत राहतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा भाग 2011 मध्ये आला आणि पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीचा दुसरा भागही त्याच वर्षी. दोघांच्याही पुढच्या भागांची वाट पाहताना शाळकरी वाचकांच्या हाती त्यांची स्वतःची मुले आली. रिबेका यारोस यांची गोष्ट उलटी आहे. त्यांचे पहिले दोन भाग 2023 या एकाच वर्षात आले आणि तिसरा जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे वाट पाहायला लावल्याचा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही. मात्र प्रत्येक भाग नेमका अशा ठिकाणी तोडलेला आहे, की पुढचा विकत घेण्यावाचून गत्यंतर राहू नये. ड्रॅगनवर बसून लढणाऱ्या विद्यार्थ्यांची ही कथा वेगाने वाचली जाते, हे मान्य करूनही त्या तोडण्याची मला चीड येते.

ब्रँडन सँडरसन यांच्याबद्दल माझे मत थोडे गुंतागुंतीचे आहे. डिसेंबर 2024 मध्ये आलेला 'विंड अँड ट्रुथ' हा त्यांच्या दहा भागांच्या नियोजित मालिकेतला पाचवा भाग. हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ कथेतल्या केवळ दहा दिवसांत घडतो आणि त्याची विभागणीही दिवसांप्रमाणेच केलेली आहे. मालिकेच्या मध्यावर येऊन निम्मा डोलारा खरोखर पूर्ण करून दाखवण्याची शिस्त या लेखकाकडे आहे, आणि ती या क्षेत्रात दुर्मीळ आहे. परंतु त्यांची पात्रे हल्ली समुपदेशकाच्या खोलीतून नुकतीच बाहेर आल्यासारखी बोलतात. वादळांनी झोडपलेल्या, तलवारींच्या जगातला योद्धा स्वतःच्या मनःस्थितीचे इतके नेटके विश्लेषण करू लागला, की ते जगच पातळ होऊन जाते. मनाची दुखणी कादंबरीत यायलाच हवीत, पण ती कृतीतून यावीत असे मला वाटते.

फँटसीने गुन्हेकथेची शिस्त अंगीकारली तर काय घडते, याचे अलीकडचे उत्तम उदाहरण म्हणजे रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची 'द टेंटेड कप' (2024). या कादंबरीला विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा 2025 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तो योग्य हाती गेला. दर पावसाळ्यात समुद्रातून महाकाय प्राणी किनाऱ्यावर चाल करून येतात, साम्राज्य प्रचंड तटबंदी उभारून त्यांना थोपवून धरते आणि त्या साम्राज्यातल्या काही माणसांच्या शरीरांत व मेंदूंत कामापुरते बदल केलेले असतात. एवढे सगळे जग उभे करायचे असताना लेखक सुरुवात कुठून करतो, तर एका श्रीमंत घराण्याच्या हवेलीतल्या मृत्यूपासून: एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवले आहे आणि ते वर छतात शिरले आहे. डिन हा तरुण सहायक तिथे एकटाच जातो, प्रत्येक खोली नजरेखालून घालतो आणि काचेच्या कुपीतला वास हुंगून जे पाहिले ते स्मरणात पक्के करतो. नंतर त्याच वासाच्या आधाराने तो सारे काही आपल्या वरिष्ठ आना यांना तपशीलवार ऐकवतो, कारण डोळ्यांवर पट्टी बांधून बसणाऱ्या या बाई घराबाहेर पडायला सहसा राजीच नसतात. गुप्तहेर आणि त्याचा सोबती ही जोडी शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे, पण इथे सोबत्याची स्मरणशक्ती हाच पुरावा असल्यामुळे ती पुन्हा ताजी वाटते. खुनाचा छडा लागतो, तो त्याच पुस्तकात लागतो, आणि साम्राज्य आतून किती किडले आहे हे त्या तपासाच्या ओघातच कळते. दुसरा भाग, 'अ ड्रॉप ऑफ करप्शन' (2025), मला किंचित कमी आवडला. बंद खोलीतून नाहीशा झालेल्या अधिकाऱ्याचे कोडे सुरेख आहे, पण शेवटाकडे राज्यव्यवस्थेवरचे भाष्य जरा मोठ्या आवाजात होते. तरीही पहिला भाग न वाचता कोणी तो हाती घेतला, तर त्याची फसगत होणार नाही.

गुन्हेकथांना मात्र हल्ली फँटसीचा रोग जडू लागला आहे. रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नावाने जे. के. रोलिंग लिहितात त्या मालिकेतली 'द इंक ब्लॅक हार्ट' (2022) हजार पानांच्या पुढे गेली आणि त्यातले ऑनलाइन गप्पांचे रकानेच्या रकाने वाचताना माझा पार अंत पाहिला गेला. पुढच्याच वर्षीच्या 'द रनिंग ग्रेव्ह'मध्ये गुप्तहेर रॉबिन ओळख लपवून एका पंथाच्या वसाहतीत राहते, तो भाग या मालिकेतला सर्वोत्कृष्ट आहे. उपाशीपोटी राबवून, झोपू न देऊन माणसाचा विवेक कसा झिजवला जातो, याचे इतके संयमी चित्रण मी क्वचितच वाचले असेल. पण दोन मुख्य पात्रे एकमेकांवर प्रेम करतात, हे कबूल करायला त्यांना आठ भाग पुरू नयेत, हे अतीच झाले. रिचर्ड ऑस्मन यांच्या वृद्धाश्रमवजा वसाहतीतल्या चार हौशी शोधकर्त्यांबद्दल थोडक्यात सांगते: कोडी सैल असतात, विनोद चांगला असतो आणि 'द लास्ट डेव्हिल टु डाय' (2023) मधला स्मृतिभ्रंशाचा धागा वाचताना विनोदाची आठवणही राहत नाही.

आपल्या भूमीवर घडणाऱ्या मालिकांकडे मी साहजिकच पक्षपाताने पाहते. अबीर मुखर्जी यांची 1919 च्या कलकत्त्यात सुरू होणारी मालिका प्रत्येक भागात बळकट होत गेली. 'द शॅडोज ऑफ मेन'मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीने त्याचे बंगाली सहकारी बॅनर्जी यांनाही स्वतःच्या तोंडून निवेदन करायला मिळाले. ते पहिल्याच भागात मिळायला हवे होते असे मला वाटते. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री 1921 च्या मुंबईत वकिली करते आणि 'द विडोज ऑफ मलबार हिल'मधील प्रकरण तिच्याकडे येते ते एका अगदी व्यावहारिक कारणाने: मृत गिरणीमालकाच्या तिन्ही विधवा पडद्यात राहतात आणि पुरुष वकिलाला वा पोलिसाला त्यांच्यासमोर बसून प्रश्न विचारता येत नाहीत. जाळीपलीकडच्या त्या स्त्रियांच्या सह्या कागदावर आहेत, पण त्या कागदात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, इथूनच संशय सुरू होतो. काळ केवळ देखावा म्हणून न वापरता त्याच्या चालीरीतींतून कोडे घडवणे म्हणजे काय, ते इथे दिसते. वसीम खान यांच्या पर्सिस वाडिया मालिकेत 1950 ची मुंबई आहे, वडिलांचे पुस्तकांचे दुकानही आहे, पण नायिका प्रत्येक खोलीत शिरताना आपण देशातली पहिली महिला इन्स्पेक्टर आहोत याची आठवण वाचकाला करून देते आणि ती पुनरुक्ती खटकते.

मराठीत मालिका नव्हत्या असे मुळीच नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि नारायण धारपांचे समर्थ यांच्यावर वाचकांनी जीव टाकला, आणि ही पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचता येत. आज मात्र असे एकच पात्र घेऊन वर्षानुवर्षे लिहिणारे फार थोडे दिसतात. मुंबई आणि कलकत्ता यांच्यावर इतके लिहून झाले असताना नागपूर अजून कोरेच राहिले, याचे मला नवल वाटते. मध्य प्रांताची राजधानी, 1877 मध्ये धडधडू लागलेली एम्प्रेस मिल, शेजारी कामठीची छावणी, 1920 चे काँग्रेस अधिवेशन आणि 1923 चा झेंडा सत्याग्रह ज्यात तुरुंग भरून गेले. त्या गर्दीत खोट्या नावाने तुरुंगात शिरलेला एखादा माणूस, महालातल्या वाड्यात त्याची वाट पाहणारे कुटुंब आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात अस्वस्थ झालेला एक साहेब, एवढ्यावर पहिला भाग सहज उभा राहील. कोणी लिहायला घेत असेल तर त्याने पाच भागांचा आराखडा खुशाल करावा, पण तो माणूस कोण होता हे पहिल्याच भागात सांगावे.