फोनमधल्या चार फातिमा

माझ्या फोनमध्ये चार फातिमा आहेत. फातमा टेलर, फातिमा चाची, फातिमा गोवा आणि फातमा जर्मनी. परवा घाईघाईत 'बाही अर्धा इंच सैल कर, काखेत काचते' हा निरोप टेलरऐवजी गोव्याला गेला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'बाही कशाला, तूच अर्धा इंच कमी हो.'

ही गोव्याची फातिमा माझी बँकेतली जुनी मैत्रीण. ती बदली होऊन आमच्या शाखेत आली, तेव्हा टेबलावरची नावाची पाटी वाचून मी तिला ईद मुबारक म्हटलं होतं. तिने गळ्यातली साखळी ओढून क्रूस बाहेर काढला, मला नीट दाखवला आणि म्हणाली, "नाताळला ये, दोदोल देते." मी ओशाळले, पण दोदोल खायला गेले. तिच्या घरी ओट्यावर पांढऱ्या वस्त्रातली मेरी होती, पायाशी हात जोडलेली तीन पोरं. तिथे मला कळलं की ही 'फातिमा सायबीण'.

पोर्तुगालात फातिमा नावाचं एक गाव आहे. 13 मे 1917 रोजी तिथल्या माळावर मेंढरं राखणाऱ्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मुलांना मेरीचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. मग ते गाव तीर्थक्षेत्र झालं आणि मेरीलाच गावाचं नाव लागलं, आपल्याकडे देवीला तुळजापूरची म्हणतात तसं. पण मुळात पोर्तुगालातल्या गावाचं नाव फातिमा कसं? तर त्या भागावर काही शतकं मुसलमानांचं राज्य होतं. कुणा फातिमा नावाच्या मूर, म्हणजे तिथल्या मुसलमान, सरदारकन्येची दंतकथाही सांगतात. तिला पकडून नेलं, तिने ख्रिस्ती सरदाराशी लग्न केलं वगैरे. दंतकथा राहू द्या बाजूला. मला गंमत वाटते ती नावाच्या वळशाची. मक्केतल्या पैगंबरांच्या लेकीचं नाव अटलांटिककाठच्या देशातल्या एका खेड्याला लागलं, खेड्यावरून मेरीला लागलं, मेरीवरून पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने गोव्याच्या सासष्टीत उतरलं आणि 13 मेला जन्मलेल्या माझ्या मैत्रिणीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत जाऊन बसलं. "आईला नाव शोधायला एक मिनिट लागलं नाही," ती सांगते. "कॅलेंडरानेच ठेवलं."

नाव शोधायला खरा वेळ लागला तो आमच्या शेजारी. फातिमा चाचीच्या नातवाला मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका, त्याआधी नाव ठरायला हवं. चाचीच्या मुलाचं म्हणणं, आईचंच नाव ठेवू. नातसुनेला ते जुनाट वाटत होतं. तिची यादी आयरा, झोया, इनाया अशी. तिचं काय चुकलं? माझ्या सुनेने तरी मुलीचं नाव सुशीला कुठे ठेवलं. शेवटी समेटासाठी तिने फोनवर अर्थ शोधला आणि जाहीर केलं, "फातिमा म्हणजे मोहक." चाची पदर तोंडाला लावून हसली. "मोहक? माझ्या सासूला कुणी सांगितलं नाही ते."

मला राहवेना. घरी येऊन कोश काढला. मोहक वगैरे काही नाही. अरबीत फ-त-म या धातूचा अर्थ दूध तोडणं. त्यातला 'त' आपल्या 'त'पेक्षा जड, जीभ मागे ओढून काढायचा. 'फिताम' म्हणजे बाळाचं अंगावरचं सुटणं, आणि 'फातिमा' म्हणजे ते सोडवणारी. तिथून पुढे अर्थ वाढला: हात आवरणारी, नको त्यापासून दूर राहणारी. श्रद्धाळू माणसं सांगतात, नरकाच्या आगीपासून तोडलेली. मोहक असते ती 'फातिना'. तिचं कूळच वेगळं, उर्दूतला फितना तिचा नातलग. 'म' आणि 'न'ची गल्लत झाली असणार. बारशाच्या यादीत अशा गल्लती पुष्कळ खपतात. आपल्याकडेही कुठल्याही दोन अक्षरांचा अर्थ 'देवी दुर्गा' असा लिहिलेला असतो.

खरं सांगायचं तर मोहकपेक्षा हा अर्थ मला जास्त आवडला. फातिमाच्या आईचं, खदिजाचं नाव पाहा. त्याचा अर्थ दिवस भरण्याआधी जन्मलेली. आई अपुऱ्या दिवसांची आणि लेक दूध तोडणारी! आयशा म्हणजे जगणारी. या नावांना अत्तराचा नाही, बाळंतिणीच्या खोलीतल्या ओवा-शेपाच्या धुरीचा वास आहे. मूल जन्मणं आणि दूध तुटेपर्यंत टिकणं हीच जेव्हा मोठी गोष्ट होती, तेव्हा नावात दुसरं काय मागणार? आपल्या आज्या दगडू आणि धोंडू म्हणत होत्या ते याच भीतीपोटी. मात्र आपल्याकडे भीती नसतानाही 'नकोशी' हे नाव ठेवलं जात होतं. 2011 साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकोशींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. दूध तोडणारी त्यापुढे कितीतरी मायेची.

दुसऱ्या दिवशी चाचीला हा अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या थोरल्याचं तोडलं तेव्हा कडू किराईत लावलं होतं. तीन रात्री रडला. मी पण रडले, पाठ करून." तो थोरला आता साठीचा, दारात चप्पल घालत होता. काहीच न ऐकल्यासारखं करून निघून गेला.

जर्मनीची फातमा म्हणजे माझ्या भाच्याची घरमालकीण, मूळची तुर्की. भाचा तिकडे तापाने फणफणला होता, तेव्हा तिचा नंबर घेतला. तिला रोज फोन करून माझं मोडकं इंग्रजी आणि तिचं मोडकं इंग्रजी एकमेकांना धरून चालायला शिकलं. ती म्हणाली, तुर्कस्तानात बाजारात उभं राहून फातमा म्हणून हाक मारा, दहा बायका वळतील आणि दहाही आज्या असतील. तिच्या नातीचं नाव काहीतरी दोन अक्षरी, टपोरं. इराणात मात्र फातेमे अजून जोरात आहे. तिथे मातृदिनही फातिमेच्या जन्मतिथीला, चांद्र पंचांगाप्रमाणे येतो. सेनेगलात ती फातू होते, सोमालियात फादुमो, केरळात 'त'साठी इंग्रजीत टी-एच लावून फाथिमा. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश फातिमा बीवी याच स्पेलिंगच्या. 1989 सालची ती नेमणूक. मुंबईच्या बोहऱ्यांत फातेमा. त्यांच्या धर्मपरंपरेचा धागा कैरोच्या फातिमी खलिफांपर्यंत जातो, आणि ते घराणं नाव सांगायचं ते याच लेकीचं. बापाच्या नावाने चालणाऱ्या दुनियेत एक अख्खं राजघराणं बाईच्या नावाने ओळखलं गेलं, हे मला उगाच बरं वाटतं.

नावाला इतकी माणसं मिळाली की त्याचे हालही होतात. अल्जीरियात फ्रेंच लोक घरकामाच्या बाईला सरसकट 'फातमा' म्हणत. ती मलिका असो की यमिना, मालकिणीसाठी फातमाच. हे वाचून मला राग यायला हवा होता, पण आधी आठवले आमच्या गावचे बापे. मुंबईत शेठजींच्या घरी भांडी घासायला गेले की ते सगळे 'रामा' होत. आमचे एक चुलत आजोबा, नाव विष्णू, पंधरा वर्षं रामा होते. गावी आल्यावर कुणी विष्णू म्हटलं तर पटकन ओ देत नसत.

आपल्या बाजूची फातिमा म्हटली की मला नर्गिस आठवते, तिचं मूळ नाव फातिमा. तिच्याही आधी 1926 साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम. पण सगळ्यांत जास्त आठवतं एक पत्र. ऑक्टोबर 1856 मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलं, त्यात पुण्याच्या शाळेची काळजी आहे आणि ओघात एक वाक्य: फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. बस, एवढंच. घरातल्या माणसाबद्दल लिहावं तसं, ओळख करून न देता. त्या वाक्यातली फातिमा, सावित्रीबाईंची शाळेतली सोबतीण फातिमा शेख, मला दिसते. एकटी, दोघींचं काम उपसणारी, खडूने भरलेले हात. मोठमोठ्या गौरवांपेक्षा मला ते 'कुरकुर करणार नाही' जास्त विश्वासाचं वाटतं.

आमची चाची मात्र भरपूर कुरकुर करते, आणि तिला कारणही आहे. रेशनकार्डावर ती फातमा, आधारवर फातिमा, सातबाऱ्यावर फातमाबी. एका कचेरीत ती वर्षभर खेटे घालत होती. मी एकदा सोबत गेले. खिडकीतल्या माणसाने तिन्ही कागद पसरले आणि विचारलं, "आजी, या तीन बाया कोण?"

"तिन्ही मीच," चाची म्हणाली. "पैसे एकीलाच द्या."

पैसे अजून मिळालेले नाहीत. प्रतिज्ञापत्र झालं, एका वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरातही झाली.

पणतीचं नाव शेवटी इनाया फातिमा ठरलं. कागदावर दोन्ही, तोंडात एकही नाही, सगळे तिला फातू म्हणतात. सेनेगलात गेली तर नाव बदलायला नको. आता ती दोन वर्षांची होत आली आहे, आमच्या ओट्यावर चढून चपला खाली फेकते. काल सकाळी चाची कुंपणाशी आली. परसातल्या किराईताकडे बोट दाखवून म्हणाली, "चार काड्या दे गो. नातसुनेला रात्रीसाठी हव्यात."

मी काड्या तोडून दिल्या. हाताला कडूपणा दुपारपर्यंत होता. भात कालवतानाही लागला.