पंक्चर नाहीये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंक्चर नाहीये. चेनही पडलेली नाही, आणि माझे गुडघे तुमच्यापेक्षा बरे असतील.

पुण्यात गुडलक चौकापासून माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत जेमतेम तीनशे मीटर. रोज संध्याकाळी तेवढं अंतर मी सायकल हातात धरून फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवरून चालत जाते आणि रोज कुणीतरी विचारतं, "काकू, पंक्चर का?" चांगल्या मनाने विचारतात. एका मुलाने तर पाठीवरची सॅक उतरवून पंप बाहेर काढला होता. चौकातल्या हवालदारांनीही एकदा सांगून पाहिलं, "जावा की बसून, सायकलला कोन अडवतंय?" भाचा म्हणतो, "मावशी, तू सकाळी सहाला रिकाम्या सिग्नललाही थांबतेस. लोक हसतात."

हसू देत. पण दहा वर्षं तेच तेच उत्तर टाळून कंटाळा आला आहे.

रस्ता एकेरी आहे हे तुम्हाला माहीत आहे. ऑफिसातून सुटल्यावर झेड ब्रिजवरून मी डेक्कनला उतरते. तिथून घरी जायची रीतसर वाट म्हणजे जंगली महाराज रस्त्याने पार पुढे जायचं आणि वळसा घालून फर्ग्युसन रस्त्याला वरच्या बाजूने लागायचं. उलट्या बाजूने शिरलं तर तीनशे मीटर. मी कितीतरी वर्षं उलटीच शिरत होते. एकटी नव्हते, आजही संध्याकाळी तिथे उभं राहून मोजा. शिवाय माझ्याकडे तत्त्वज्ञान होतं: हे एकेरी रस्ते मोटारींच्या गर्दीसाठी केले, गर्दी मोटारींनी केली, मग त्याचा वळसा पायाच्या ताकदीवर चालणाऱ्या माणसाने का घालायचा? सायकलने कुणाचं काय वाकडं होतं? हे मी चारचौघांत बोलत असे, आणि बरं बोलत असे. गंमत म्हणजे त्यातलं निम्मं मला अजूनही पटतं.

२०१४ चा डिसेंबर. सात वाजून गेले होते. पुढचा दिवा महिनाभर बंद होता. सेल आणायचे राहत होते, आणि रस्त्यावर दुकानांचा इतका उजेड की दिव्याचं अडतही नव्हतं. निदान मला दिसायला अडत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला, उभ्या गाड्यांना लागून चालले होते. वेग फार नाही, ताशी पंधराएक. पण पंधरा म्हणजे सेकंदाला चार मीटर. हे गणित मी नंतर केलं. दोन गाड्यांच्या मधून एक आजोबा बाहेर आले. हातात कापडी पिशवी. थांबले. वाहनं येतात त्या दिशेला मान वळवून व्यवस्थित, सावकाश बघितलं. तिकडून काही येत नव्हतं. त्यांनी पाऊल टाकलं.

मी त्यांच्या पाठीकडून येत होते.

घंटी वाजवली का? विचारू नका. अंगठा घंटीवर नव्हता, दोन्ही हात ब्रेकवर होते. सायकलचा आवाज नसतो, हे आपण किती कौतुकाने सांगतो! हँडलचं टोक त्यांच्या कमरेला लागलं. टक्कर म्हणावी इतकंही नाही, गर्दीत धक्का लागतो तेवढंच. मी पडले नाही, सायकलला ओरखडा नाही. ते कुशीवर पडले, आणि उठेनात. पिशवीतून मटार सांडले होते. कुणीतरी ते गोळा करत बसलं होतं, आणि मीही खाली बसून मटार वेचायला लागले. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून. हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षात ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बघितलं होतं हो. नीट बघितलं होतं."

दवाखान्यात मुलगा आणि सून आले. गावाकडचे, हल्लीच पुण्यात बदलून आलेले, रस्त्यांची ओळख नसलेले. मुलाने विचारलं, "तुम्ही कुठून येत होता?" मी म्हणाले, "गुडलककडून." अक्षरशः खरं. पुण्यातल्या माणसाला तेवढ्यात सगळं कळलं असतं. त्याला कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही. तो उलट वडिलांवरच चिडला, "बाबा, अंधारात एकटं जाऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं!"

घरी येऊन मी आधी काय केलं? भारतीय दंड संहितेचं २७९ कलम, बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दलचं, शोधून वाचलं. तोवर माझी ठाम समजूत होती की सायकलला कायदा नसतो: लायसन नाही, नंबर नाही, विमा नाही, मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमातलं हेल्मेटसुद्धा मोटारसायकलवाल्यांसाठी. पण २७९ मध्ये 'कोणतंही वाहन' असं आहे, मोटारीचा उल्लेखच नाही. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत त्याचं २८१ झालंय. रात्री दोन वाजता मी ते तीनदा वाचलं. ऑपरेशन कसं झालं हे विचारायला फोन केला तो त्यानंतर, सकाळी.

तक्रार कुणी केली नाही. चाळीस हजार मी दिले, तेही मुलगा नको नको म्हणत असताना. त्याला मी फार सज्जन बाई वाटले.

पंधरा दिवसांनी घरी भेटायला गेले. आजोबा वॉकर समोर ठेवून पलंगावर बसले होते. सून चहा टाकायला आत गेली. तेव्हा त्यांनी हळूच, शिक्षकाला शंका विचारावी तसं विचारलं, "बाई, एकेरी रस्ता असला की एकीकडेच बघायचं असतं ना?"

मी म्हणाले, "हो."

ते "हं" म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं आणि मुलासमोर मला वाचवलं, की खरंच स्वतःवरचा विश्वास उडाला होता म्हणून खात्री करून घेत होते? मला ठरवता आलेलं नाही. चहा आला, विषय हवेवर गेला. तीन वर्षांनी ते वारले, ते वेगळ्या आजाराने. हे मी दरवेळी मुद्दाम सांगते, आणि सांगताना मलाच ऐकू येतं की मी का सांगते आहे.

तेव्हापासून गुडलकला उतरते. सायकलवरून उतरलं की माणूस पादचारी होतो, पादचाऱ्याला एकेरी नसतं. यात नवीन काही नाही. आमचे वडील सांगत, त्यांच्या काळी रात्री दिवा विझला की मुकाट उतरून चालायचं. नाहीतर पोलीस पकडत, दंड करत किंवा सरळ चाकातली हवा सोडून देत. डबलसीट असताना पोलीस दिसला की मागचा आधीच उडी मारून साळसूदपणे चालायला लागे. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं कौतुक होतं त्या काळात सायकलला हे सगळे नियम होते. तेवढं मात्र कौतुक करणारे गाळतात.

आता भाच्याचं म्हणणं. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला 'थांबा' पाटीपाशी पूर्ण थांबावं लागत नाही, वेग कमी करून रस्ता मोकळा आहे ना बघून पुढे जाता येतं. असेल. सिग्नल सुटायच्या आत पुढे निघालं तर डावीकडे वळणाऱ्या बसच्या कचाट्यातून सुटता येतं, हेही तो म्हणतो, आणि ते मी स्वतः अनुभवलं आहे. रिकाम्या चौकात थांबून मी कुणाला वाचवते? बहुधा कुणालाच नाही. पण 'रिकामं आहे' हे ठरवणारी मी असते, आणि त्या दिवशीही रस्ता रिकामाच होता. माझ्या आणि त्यांच्या, दोघांच्याही मते. भाच्याला हे वकिली वाटतं. २०१४ च्या आधीच्या मला तर पांचटच वाटलं असतं.

सायकल सुरू करणारे विचारतात, हेल्मेट कुठलं घ्यावं. डोक्याला नीट बसेल ते घ्या, पट्टा आवळा, एकदा आपटलं की टाकून द्या, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. मीही घालते. पण त्या संध्याकाळीही माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. चांगलं होतं, महाग होतं. दीडशे रुपयांचा दिवा मात्र बंद होता. त्यामुळे हेल्मेटच्या ब्रँडवर अर्धा तास बोलणाऱ्याला मी विचारते, घंटी आहे का? पुढे पांढरा, मागे लाल दिवा आहे का? रोज लावता का? की रस्ता दिसतो म्हणून बंद ठेवता?

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतकं लांब राहा, आणि स्वतः मोटार चालवत असलात तर उजवं दार डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप वळून मागचा दिसतो. बसच्या डाव्या बगलेत शिरू नका. पावसात झेब्रा पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका. ओढणी खोचा. सायकल ट्रॅकबद्दल विचारू नका, तिथे दुचाक्या उभ्या असतात.

आणि चालण्याचं म्हणाल तर तेही काही निर्मळ नाही. फुटपाथवर कपड्यांची दुकानं, खरेदीला आलेल्या मुली, त्यात माझं हँडल. परवा पॅडल एकीच्या पोटरीला लागलं. ती म्हणाली, "काकू, सायकल रस्त्यावर चालवायची असते ना!" बरोबर बोलली. वळसा घालून गेले तर हा प्रश्नच येणार नाही, दहा मिनिटं जास्त लागतील, एवढंच. मग वळसा का नाही घालत? दमलेली असते, हे एक. दुसरं असं की त्या दोन गाड्यांच्या मधली जागा चालताना लागते. तिथे आता बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, बसवलेत, नेमकी जागा ओळखू येत नाही. मी आपली अंदाजाने बघते.

हे सगळं रस्त्यात उभं राहून कुणाला सांगणार? परवा पुन्हा एकाने स्कूटर थांबवून विचारलं, "काकू, पंक्चर का?"

मी म्हणाले, "हो."